कस, प्रत आणि गुणवत्ता

‘गुण’ म्हणजे दोरा. संस्कृतात धनुष्याची दोरी हा गुण, वीणेची तार हा गुण, आणि वळलेल्या दोरातला एकेक पेडही गुणच. तीन पेडांचा दोर तो त्रिगुण. त्यावरून ‘तिप्पट’ हा अर्थ आला आणि गणितात गुणाकार शिरला. पाढे घोकणाऱ्या पोरांना आपण दोर वळतो आहोत याची कल्पना नसते, एवढेच. सांख्यांचे सत्त्व, रज, तम हे तीन गुणही असेच एकमेकांत पिळलेले. पुढे वैशेषिकांनी या शब्दाला पार शास्त्राच्या चौकटीत बसवले. द्रव्याला धरून राहणाऱ्या गोष्टींचा एक वर्ग, तो गुण. कणादाने असे १७ गुण सांगितले, प्रशस्तपादाने ते २४ वर नेले. त्या यादीत रंग, चव, वास आहेत, वजन आणि पातळपणा आहे, सुखाच्या बरोबर दुःख आहे, धर्माच्या बरोबर अधर्मही आहे. गुण चांगलाच असला पाहिजे, अशी अट त्यात कुठेच नाही.

बोलीतल्या मराठीनेही ती अट कधी घातली नाही. पोराने भर पाहुण्यांत ‘गुण उधळले’ असे आपण म्हणतो तेव्हा कौतुक करायचे नसते. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण ‘गुण’ लागतो, तोही चांगला नव्हेच. आणि त्याच तोंडाने आपण म्हणतो, वैद्यबुवांच्या काढ्याचा ‘गुण आला’. हा शेवटचा प्रयोग जरा थांबून पाहण्यासारखा आहे. गुण ‘असतो’ असे न म्हणता मराठी माणूस गुण ‘आला’ म्हणतो. काढा कितीही निगुतीने उकळला, वनस्पती कितीही पारखून आणल्या, तरी रोगी उठून बसेपर्यंत गुण आलेला नाही. गुणाचा निवाडा औषध घेणाऱ्याच्या अंगावर होतो, खलबत्त्यात नाही. जोसेफ ज्युरान या अभियंत्याने विसाव्या शतकात ‘वापरायला योग्य ते दर्जेदार’ अशी व्याख्या प्रचारात आणली आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतून ती आजही शिकवली जाते. आपल्या आज्या तिचा वापर काढा पाजताना करत होत्या.

इंग्रजी ‘क्वालिटी’चे मूळही असेच तटस्थ आहे. प्लेटोच्या ‘थिएटेटस’ या संवादात ‘पोइओतेस’ हा शब्द येतो, आणि शब्द जरा विचित्र वाटेल अशी पुस्ती सॉक्रेटिसच्या तोंडून तिथेच जोडलेली आहे. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास सिसेरो ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये आणत होता, तेव्हा त्याने या शब्दासाठी ‘क्वालितास’ हे नवे नाणे पाडले. लॅटिनमध्ये ‘क्वालिस’ म्हणजे ‘कसा’. तेव्हा क्वालिटी म्हणजे शब्दशः ‘कसेपणा’. माल कसा आहे? असा आहे. चांगला की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग ‘गुणवत्ता’ म्हटल्यावर आपल्याला फक्त चांगलेच का आठवते? माझ्या मते त्याचा बराचसा दोष शाळेकडे जातो. मार्कांना आपण ‘गुण’ म्हणू लागलो, आणि ज्यांना ते भरघोस पडले त्यांची नावे ‘गुणवत्ता यादी’त छापू लागलो. बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लागला की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ती यादी असे. एका पिढीच्या मनात गुणवत्ता म्हणजे वरून मोजायची रांग, असा अर्थ पक्का झाला. तोच शब्द उद्योगाच्या भाषेत क्वालिटीसाठी आला तेव्हा ती रांगही बरोबर घेऊन आला. पण कारखान्यातली क्वालिटी ही एकाच शिडीवरची वरखाली जागा नसते. कोणत्या धंद्याने कोणता ‘कसेपणा’ साधायचा, हे त्या धंद्याच्या धोरणावर ठरते. त्यासाठी मराठीत जुने, वेगवेगळे आणि नेमके शब्द आहेत. ते आपण अडगळीत टाकले, आणि एका ‘गुणवत्ते’वर सगळा संसार चालवतो आहोत.

पहिला शब्द ‘कस’. ‘कसा’ या प्रश्नाशी त्याचे नाते नाही. ‘कसा’ हा ‘कीदृश’पासून आला आणि ‘कस’ हा ‘कष्’ म्हणजे घासणे या धातूपासून. सोने घासून पाहायचा दगड तो निकष. त्याची पट्टी ती कषपट्टिका, आणि प्राकृतातून घासत घासत झाली ती आपली कसोटी. सराफाकडचा हा काळा, बारीक कणांचा दगड. त्यावर दागिना ओढला की सोन्याची रेघ उमटते. शेजारी माहीत असलेल्या शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढायची, दोन्हींचा रंग ताडून पाहायचा, वर तेजाबाचा थेंब टाकायचा आणि कोणती रेघ टिकते ते बघायचे. म्हणजे कस कधी एकट्याचा लागत नाही, शेजारी दुसरी रेघ लागते. वारंवार घासूनही जे उतरत नाही ते ‘बावनकशी’. सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांच्या चरित्रपर काव्याला ‘बावन्नकशी’ हे नाव दिले तेव्हा हा सराफी शब्द माणसाला लावला होता. जमीन ‘कसदार’ असते, धान्य ‘निकस’ निघते, परीक्षेत ‘कस लागतो’. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: कस आत असतो आणि घासल्याशिवाय दिसत नाही. (काटकसरीतली ‘कसर’ मात्र अरबी, तिथे ती तूट किंवा अपूर्णांक. आणि पुस्तके खाते ती कसर वेगळीच. शब्दांच्या घरात सारख्या नावांची तीन माणसे राहतात.)

सोन्याच्या कसावरच्या शिक्क्याचे आजचे नाव लंडनचे. तिथल्या सोनारांना आपला माल गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणून तपासून घ्यावा लागे, म्हणून तो ‘हॉलमार्क’. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली सुरू केले आणि जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. आता २२ कॅरेटच्या दागिन्यावर ‘९१६’ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची ओळख कोरलेली असते. पारख्याची नजर गेली, आकडा आला. पारखी हा ‘परीक्षा’चाच वंशज, पण शाळेतल्या परीक्षेपेक्षा त्याची परीक्षा कडक असे. चुकली तर दुकान बसायचे.

दुसरा शब्द ‘प्रत’, आणि माझ्या मते मराठीचा हा सर्वांत हुशार शब्द आहे. ‘पुस्तकाची प्रत’ म्हणजे नक्कल, आणि ‘उंची प्रतीचा तांदूळ’ म्हणजे दर्जा. एकाच शब्दात नक्कल आणि दर्जा कसे नांदतात? मूळ ‘प्रति’मध्ये ‘समोर’, ‘बरोबरीने’, ‘सारखे’ हे भाव आहेत. नमुन्याशी बरोबरी करणारे ते प्रत. मालाचा दर्जा म्हणजे ठरलेल्या नमुन्याशी तो किती जुळतो, हा अर्थ या शब्दाच्या पोटातच आहे. १९७९ साली फिलिप क्रॉस्बी या अमेरिकी सल्लागाराने ‘क्वालिटी इज फ्री’ या पुस्तकात मांडले की क्वालिटी म्हणजे ठरलेल्या गरजांशी तंतोतंत जुळणे, दुसरे काही नाही. बाजार समितीतला अडत्या ‘प्रतवारी’ करतो तेव्हा तो याच अर्थाने करतो. १९३७ च्या कायद्याने शेतमालाच्या प्रतवारीवर ‘अ‍ॅगमार्क’चा शिक्का बसू लागला तोही याच तत्त्वावर. आणि वरच्या वाक्यात मी ‘तंतोतंत’ लिहून गेलो, त्यातही तंतू आहे. धागा धाग्याशी जुळला पाहिजे.

कस आणि प्रत, दोन्ही ‘गुणवत्ता’च, पण दोहोंची तोंडे दोन दिशांना. ती कशी, हे पाहायला येवला आणि इचलकरंजी पुरेत.

येवल्याचा विणकर पैठणी विणतो. रेशीम बंगळूरकडून येते, जर सुरतेहून. पदरावरची मुनिया, बांगडी-मोर, आसावली हे यंत्राच्या पंचकार्डाने उमटत नाहीत. उभे धागे मोजत, रंगारंगाच्या कांड्या हाताने गुंतवत ते भरायचे असतात. हाताने विणलेल्या पैठणीची खूण अशी की पदर उलटा केला तरी नक्षी जवळपास तशीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. जाणती बाई दुकानात प्रथम पदर उलटून पाहते. ही कसोटी, हा कस. अशा दोन पैठण्या एकीला झाकावे आणि दुसरीला काढावे इतक्या सारख्या निघाल्या, तर गिऱ्हाईकच संशय घेईल. फरक हा इथे मालाचा दोष नाही, किंमत त्याच्यामुळे चढते.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. संस्थानिक घोरपड्यांचा त्याला पाठिंबा होता. आज तिथे ग्रे, म्हणजे कोऱ्या, न रंगवलेल्या कापडाचे तागेच्या तागे निघतात. इथे हिशेब ‘पीक’चा, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती. मजुरीही पिकावर ठरते. व्यापारी भिंगातून पीक मोजतो, आणि ठरलेल्या पिकापेक्षा कापड विरळ निघाले की दर पडतो. निर्यातीच्या मालाला चार-गुणी पद्धत लावतात: दोष तीन इंचांपर्यंतचा असेल तर एक गुण, नऊ इंचांच्या वर गेला तर चार, आणि शंभर चौरस यार्डांत साधारण चाळीस गुणांपर्यंत माल स्वीकारला जातो. हे ‘गुण’ दोषाचे आहेत हे लक्षात घ्या. जितके जास्त तितके वाईट. कणादाला यात काहीच गैर वाटले नसते. इथे दोन ताग्यांत फरक दिसला की माल परत. इथे राज्य प्रतीचे.

व्यवस्थापनशास्त्रात या दोन वाटांना नावे आहेत. मायकेल पोर्टरने १९८० मध्ये मांडले की धंदा स्वस्ताईवर जिंकतो किंवा वेगळेपणावर, आणि दोन्हींपैकी कोणतीही एक वाट निवडक गिऱ्हाइकांपुरती धरता येते. ज्याने काहीच निवडले नाही त्याचे तेलही जाते आणि तूपही. त्याआधी १९७८ मध्ये माइल्स आणि स्नो यांनी कंपन्यांचे स्वभाव चार प्रकारचे सांगितले. नवे बाजार धुंडाळणारा, आपला मळा राखणारा, दोन्हींचा तोल पाहून जोखणारा, आणि धक्का बसेल तसा हलणारा. पहिल्याला ते ‘प्रॉस्पेक्टर’ म्हणतात. सोन्याच्या खाणी शोधत हिंडणाऱ्याचे हे नाव. मूळ लॅटिन अर्थ ‘पुढे पाहणे’. मराठीत पुढे पाहणाऱ्याला आपण ‘धोरणी’ म्हणतो. संस्कृतात ‘धोरण’ हा वाहनाचा पर्याय म्हणून अमरकोशात येतो, मराठीत तो दूरदृष्टी झाला आणि सरकारी मराठीत ‘पॉलिसी’. इंग्रजीतला ‘स्ट्रॅटेजी’ मात्र सरळ रणांगणावरून आलेला, ग्रीक सेनापती तो ‘स्ट्रॅटेगोस’. म्हणून आपण तिथे व्यूहरचना म्हणतो, आणि गल्लीतला दुकानदारही समोरच्याशी लढाईला निघाल्यासारखा बोलू लागतो.

धोरण ठरले, आता ते साधणारे यशाचे घटक. ‘घटक’ म्हणजे घडवणारा. इंग्रजी ‘फॅक्टर’चा अर्थही तोच, करणारा. सतराव्या शतकात मात्र फॅक्टर म्हणजे व्यापारी कंपनीचा परदेशातला अडत्या, आणि तो राहतो, माल साठवतो ती ‘फॅक्टरी’. सुरतेची इंग्रजांची फॅक्टरी ही अशी कोठी होती. राजापूरची, जिच्यावर १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी छापा घातला, तीही. मराठी कागद तिला बरोबर ‘वखार’ म्हणतात. माल घडवायच्या जागेला आपल्याकडे फारसी ‘कारखाना’ होता, आणि मराठा दरबारात असे अठरा कारखाने मोजत. वखारीचे नाव पुढे कारखान्याला चिकटले ते इंग्रजीत, मराठीत नाही.

‘यश ज्यावर ठरते असे मोजके घटक’ ही कल्पना रोनाल्ड डॅनियलने १९६१ मध्ये सुचवली आणि जॉन रॉकार्टने १९७९ मध्ये रूढ केली. रॉकार्टचे म्हणणे साधे होते: साहेबांच्या टेबलावर शंभर अहवाल टाकू नका, धंदा ज्या चार-सहा गोष्टींवर तरतो तेवढ्याच सांगा. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, सराफ, बेन्सन आणि श्रोडर या तीन अभ्यासकांनी गुणवत्ता-व्यवस्थापनाचे आठ घटक काढले. वरिष्ठांचा पुढाकार, गुणवत्ता विभागाची भूमिका, प्रशिक्षण, मालाची रचना, कच्चा माल पुरवणाऱ्यांशी व्यवहार, प्रक्रियेवरची नजर, आकडे व त्यांचे अहवाल, आणि कामगारांशी संबंध. (पहिल्या लेखकाचे आडनाव सराफ असावे, हा योगायोग मला फार आवडतो.) त्यानंतर अशा याद्यांचा पूर आला. एकाने बारा घटक काढले, दुसऱ्याने पंचवीस. यादी लांबली की रॉकार्टचे म्हणणे हरवते.

येवल्यात ही आठांची यादी लावून पाहा. वरिष्ठ आणि कामगार एकाच घरात, बहुतेक वेळा एकाच मागावर. गुणवत्ता विभाग नाही, आणि त्यावाचून काही अडत नाही. प्रशिक्षण मात्र सर्वस्व आहे, पोरगा किंवा सून वर्षानुवर्षे शेजारी बसून शिकते. रेशीम आणि जर पुरवणारा चुकला तर महिन्यांची मेहनत फुकट, म्हणून तो घटकही जिवाचा. आणि रचना! नवे नक्षीकाम, नवा रंग, काठ आणि पदर यांचा मेळ, यावर पैठणी विकते. आकड्यांचे अहवाल? मालक तोंडावर हसेल.

इचलकरंजीत सगळे वजन उलट्या बाजूला पडते. सुताचा काउंट बरोबर आहे का, सायझिंग नीट झाले का, बीम ताणात आहे का, शेडमध्ये हवा किती दमट आहे, कोणता माग वारंवार थांबतो, हे रोज लिहून ठेवले नाही तर नफा कुठून गळतो ते कळणारच नाही. इथे प्रक्रिया आणि आकडे हेच पहिले घटक. रचना बहुधा व्यापारी सांगेल ती. आणि कामगारांशी संबंध हा घटक इथे फार नाजूक आहे. पिकावर मजुरी मिळत असेल तर तुटलेला धागा जोडायला माग थांबवणे हा कामगाराच्या खिशाचा तोटा. मालकाने दोषाला दंड लावला तर धागा जोडला जाण्याऐवजी दोष लपवला जाण्याची शक्यता जास्त. गुणवत्ता-तज्ज्ञ डेमिंगने आपल्या चौदा सूत्रांत भीती घालवा आणि नुसत्या आकड्यांचे कोटे काढून टाका, असे सांगितले ते याच कारणाने. मला विचाराल तर स्वस्ताईवर चालणारे बहुतेक कारखाने क्वालिटीत मार खातात ते यंत्रामुळे नव्हे, मजुरीच्या या हिशेबामुळे.

तुटलेला धागा हे जपानच्या टोयोटाचेही मूळ आहे. साकिची तोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबे. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले, आणि त्याच घरातून पुढे टोयोटा मोटर उभी राहिली. दोष दिसताच थांबणाऱ्या यंत्राला ते ‘जिदोका’ म्हणतात. जपानी लिपीत ‘स्वयंचलन’ या शब्दातल्या ‘हालणे’ या चिन्हाला माणसाचे चिन्ह जोडले की ते ‘काम करणे’ होते. टोयोटाने आपला जिदोका त्या माणूस जोडलेल्या अक्षराने लिहिला. म्हणजे यंत्र नुसते हालत नाही, माणसासारखे भान ठेवून काम करते. गुण तुटला की थांबा. संस्कृत जाणणाऱ्याला तोयोदांच्या मागाचे वर्णन एवढ्या चार शब्दांत करता येईल.

जपानी कारखान्यांतून आलेल्या शब्दांत ‘कैझेन’ आता चाकण-भोसरीत मराठी झाला आहे. लोक ‘कैझेन लिहितात’, महिन्याला अमुक ‘कैझेन द्यावे लागतात’. मूळ अर्थ ‘बदलून चांगले करणे’. महिन्याचा कोटा ठरला की त्यातले ‘चांगले’ आधी गळते. ‘पोका-योके’ची कथा जास्त बोलकी आहे. चूक होऊच नये अशा युक्तीला आधी ‘बाका-योके’ म्हणत, म्हणजे ‘मूर्खापासून बचाव’. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी सांगितलेली हकीगत अशी की १९६३ मध्ये एका कारखान्यात हे नाव ऐकून एक कामगार बाई रडू लागल्या, मी काय एवढी मूर्ख आहे? शिंगोंनी शब्द बदलला. ‘पोका’ म्हणजे बेसावधपणे झालेली चूक, पटावरच्या खेळात चाल चुकते तशी. दोष माणसाच्या बुद्धीवरून काढून क्षणावर ठेवला. कामगारांशी संबंध हा जो आठवा घटक, त्यावरचे हे सर्वांत लहान आणि उत्तम व्याख्यान आहे.

आता नियंत्रण आणि हमी. ‘कंट्रोल’ हा मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘कोंत्रारोतुलुस’चा वारस. हिशेबाच्या गुंडाळीची दुसरी प्रत, मूळ गुंडाळीशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली. पुन्हा प्रतच! आपल्या दप्तरांत याला ‘ताळा’ आणि ‘रुजुवात’ म्हणत. त्यापेक्षा ‘अ‍ॅशुरन्स’साठी ‘खातरजमा’ सुरेख. ‘खातिर’ म्हणजे मन, ‘जमा’ म्हणजे गोळा झालेले. ज्याचे मन इकडेतिकडे धावत नाही, एका जागी बसले आहे, त्याची खातरजमा झाली. क्वालिटी अ‍ॅशुरन्स म्हणजे गिऱ्हाइकाचे मन ठिकाणावर आणणे, याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या हस्तपुस्तिकेत सापडलेली नाही. विमानाचे सुटे भाग किंवा औषधे करणाऱ्या कंपनीला हाच शब्द सर्वांत जवळचा. तिथे गिऱ्हाईक स्वतः कस लावू शकत नाही, त्याला कागदांवर आणि पद्धतीवर विश्वास ठेवावा लागतो. त्याउलट स्वस्त चप्पल विकणाऱ्याची कसोटी ‘पैसा वसूल’. ‘वसूल’ म्हणजे अरबीत ‘पोचणे’. घातलेला पैसा परत पोचला की नाही, एवढेच बघायचे.

व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड गार्विन यांनी १९८४ मध्ये क्वालिटीकडे पाहण्याच्या पाच दृष्टी सांगितल्या. अनुभवानेच कळणारे श्रेष्ठत्व, वस्तूच्या अंगचे मोजता येणारे गुण, वापरणाऱ्याचे समाधान, नमुन्याशी जुळणे, आणि किमतीच्या मानाने मोल. अस्सल, कस, गुण येणे, प्रत, वसूल. मराठीत पाचही शब्द आधीपासून हजर आहेत. तीन वर्षांनी त्यांनी पुढचा मुद्दा जोडला: कोणत्याही कंपनीने सगळ्या आघाड्यांवर उत्तम व्हायला जाऊ नये, आपली बाजू निवडावी. हे मला पटते, आणि मराठीत ते सांगणे सोपे आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक बाजूला वेगळे नाव आहे.

ही नावे सरकारी आणि कंपनी मराठीने गिळली कशी, हे ‘मानांकन’ या शब्दात दिसते. संस्कृतात ‘मान’ दोन. मोजणे या अर्थाच्या ‘मा’पासून आलेले मान म्हणजे माप, आणि ‘मन्’पासून आलेला मान म्हणजे आदर. मानांकनात पहिले मान आहे, पण ऐकणाऱ्याला दुसराच ऐकू येतो. म्हणून आयएसओ मानांकित शाळा, ग्रामपंचायत, पोलीस ठाणे अशा पाट्या सत्काराच्या शालीसारख्या मिरवल्या जातात. १९८७ साली आलेली आयएसओ ९००१सारखी ही प्रमाणे मुळात एवढेच पाहतात, की तुम्ही काम करण्याची पद्धत ठरवली आहे का आणि ठरवली तशी पाळता का. माल कसदार आहे, असे प्रमाणपत्र ती देत नाहीत.

त्याच आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत एक वाक्य आहे ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. संस्थेचे गुणवत्ता धोरण तिच्या हेतूला व परिस्थितीला साजेसे असावे आणि तिच्या व्यूहात्मक दिशेला आधार देणारे असावे, अशी स्पष्ट अट तिथे आहे. जपानचे डेमिंग पारितोषिकही हेच तपासते: धंद्याचा प्रकार आणि डावपेच पाहून त्याला योग्य अशी पद्धत राबवली का. भारतात सुंदरम-क्लेटनने ते १९९८ मध्ये मिळवले, महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ मध्ये, आणि महिंद्रने २००७ मध्ये जपान क्वालिटी मेडलही. म्हणजे धोरणाप्रमाणे घटकांचे वजन बदलते, हे अभ्यासकांचे पुस्तकी म्हणणे राहिलेले नाही, तपासणीच्या कागदात आलेले आहे.

आणि तरीही कोणत्याही औद्योगिक वसाहतीत स्वागतकक्षाच्या भिंतीवरचे ‘गुणवत्ता धोरण’ वाचा. ग्राहकांचे समाधान, सतत सुधारणा, सर्वांचा सहभाग, कायदेशीर बाबींची पूर्तता. नट-बोल्ट करणाऱ्याचे आणि बिस्किटे करणाऱ्याचे धोरण एकच. अशा पाटीवरची सही बदलली तर कंपनी कोणती ते ओळखता येत नाही.

ही पाटी लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर एवढे करा: ‘गुणवत्ता’ हा शब्द पूर्ण मजकुरात एकदाही न वापरता लिहून पाहा. कस, प्रत, गुण येणे, खातरजमा, वसूल यांतला एकच निवडा आणि त्याच्याभोवती चार वाक्ये मांडा. जो शब्द निवडाल त्याप्रमाणे पैसा कुठे घालायचा तेही ठरेल: प्रत निवडली तर मोजमापावर आणि कच्च्या मालावर, कस निवडला तर शिकवण्यावर आणि रचनेवर. पाचांतला एकही निवडता येत नसेल, तर कंपनीला गुणवत्ता धोरण नाही असे नव्हे, धोरणच नाही असे समजा, आणि पाटी रंगवणाऱ्याला थोडे थांबायला सांगा.